पाळीपूर्वीची सूज आणि लघवी वाढवणारी गोळी

पाळीच्या आधी अंगात पाणी साठल्यासारखे वाटणे, या एकाच तक्रारीची पत्रे या वेळी आमच्याकडे अधिक आली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत एखाद्या गोळीचा उल्लेख आहे. गोळ्या वेगवेगळ्या आहेत, पण पत्रलेखिका त्यांना एकाच मापाने मोजतात असे दिसते. म्हणून त्यांपैकी चार पत्रे एकत्र घेतली आहेत. नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३१ असून नोकरीनिमित्त मी न्यू जर्सीत एडिसन येथे राहते. पाळीच्या आधी चार-पाच दिवस पोट फुगते, अंगठी घट्ट होते आणि वजन किलोभर वाढते. येथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी पॅमाब्रोमची ५० मिलिग्रॅमची गोळी मैत्रिणीने सुचवली. ती घेतल्यावर थोडे हलके वाटते. दर महिन्याला घेतली तर चालेल का? कोल्हापूरची माझी धाकटी बहीणही तिची मागणी करते आहे. तिच्या औषधवाल्याकडे ती नाही. बहिणीला दमा आहे. तिला पाठवू का?

उत्तर : पॅमाब्रोम हे झँथीन कुळातले औषध आहे. चहा-कॉफीतले कॅफीन आणि दम्यासाठी वापरले जाणारे थिओफिलिन ही त्याची जवळची भावंडे. लघवीचे प्रमाण किंचित वाढवणे एवढेच त्याचे काम असून ते सौम्यपणेच होते. पाळीच्या त्रासासाठी चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधांत लघवी वाढवणारे घटक म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीनच द्रव्ये मान्य केली आहेत : अमोनियम क्लोराइड, कॅफीन आणि पॅमाब्रोम. पॅमाब्रोमची मर्यादा एका वेळी ५० मिलिग्रॅम आणि दिवसाला २०० मिलिग्रॅम अशी आहे. कॅफीन या यादीत आहे एवढ्यावरूनच या गोळीच्या ताकदीची कल्पना यावी. हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना देण्यात येणाऱ्या लघवीच्या गोळ्यांशी तिची बरोबरी होऊच शकत नाही.

प्रकृती निरोगी असेल, रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांची तक्रार नसेल, गरोदरपणाची शक्यता नसेल आणि दुसरे कोणतेही नियमित औषध चालू नसेल, तर पाळीआधीच्या त्या चार-पाच दिवसांपुरती ही गोळी घेण्यास हरकत नाही. न्याहारीनंतर पेलाभर पाण्याबरोबर ती घ्यावी आणि संध्याकाळनंतर टाळावी, नाहीतर रात्री लघवीसाठी उठावे लागते व झोपमोड होते. मात्र पाळी संपल्यावरही गोळीची गरज भासत असेल, तर सूज पाळीची नाही असे समजून तपासणी करून घ्यावी. तुम्ही पत्रात ‘थोडे हलके वाटते’ असे लिहिले आहे. या गोळीकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी. तिने वजनकाट्यावरचा आकडा थोडा खाली आला तरी ती घट पाण्याची असते, चरबीची नव्हे.

आता थोडे मुळाकडे जाऊ. बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या कामात अडथळा आणते. त्याला तोंड देण्यासाठी शरीर अल्डोस्टेरॉन अधिक प्रमाणात तयार करते. या ओढाताणीत काहींच्या अंगात मीठ, आणि मिठामागून पाणी, रेंगाळते. हा त्रास बहुधा पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतो आणि नंतर आपोआप ओसरतो. परंतु पोट फुगण्याचे सगळे श्रेय पाण्याला देता येत नाही. याच दिवसांत आतड्यांची हालचाल मंदावते, पोट नीट साफ होत नाही, गॅस अडकतो आणि पोटाला तड लागते. अनेक स्त्रियांचे वजन आणि पोटाचा घेर प्रत्यक्ष मोजले असता त्यांत फारसा फरक दिसत नाही, तरी फुगल्याची जाणीव मात्र खरी असते. गॅस लघवीवाटे जात नाही. त्यामुळे अशा स्त्रीने पॅमाब्रोमच्या चार गोळ्या घेतल्या तरी तिला शौचालयाच्या चार फेऱ्यांपलीकडे काही मिळणार नाही.

आपला त्रास कोणत्या प्रकारचा आहे, हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येते. सकाळी उठल्यावर लघवी करून, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवावे. पाळीचा पहिला दिवसही तिथेच खुणेने दाखवावा. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होते. वजन दर वेळी पाळीआधी किलो-सव्वा किलोने चढून नंतर उतरत असेल, अंगठी बोटात अडकत असेल, पायातली जोडवी रुतत असतील, स्तन जड होऊन दुखत असतील, तर पाण्याचा भाग नक्कीच आहे. वजन जागचे हललेले नाही, सकाळी पोट सपाट असते आणि दुपारच्या जेवणानंतर परकराची नाडी सैल करावी लागते, ढेकर येतात, शौचाला साफ होत नाही, असे असेल तर दोष आतड्यांकडे जातो. आणखी एक खूण महत्त्वाची आहे. नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरल्यावर तिथे खळगा राहत असेल, तर शरीरात सहसा दोन-तीन लिटर तरी जादा पाणी साठलेले असते. पाळीपूर्व सूज एवढी नसते. खळगा दिसला की दुकानातली गोळी नको, डॉक्टर हवेत.

तुमच्याकडे आहे ती गोळी निव्वळ पॅमाब्रोमची आहे, ही चांगली गोष्ट. अमेरिकेत एकाच नावाखाली वेगवेगळ्या घटकांच्या डब्या मिळतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. उदाहरणार्थ, ‘मिडॉल’ या नावाने निव्वळ पॅमाब्रोमची गोळी मिळते आणि त्याच नावाच्या ‘कम्प्लीट’ प्रकारात पॅमाब्रोम नसून प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, कॅफीन ६० मिलिग्रॅम आणि पायरिलामीन १५ मिलिग्रॅम असते. पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात. हे माहीत नसल्याने एखादी स्त्री पोटदुखीसाठी ‘कम्प्लीट’च्या दोन गोळ्या घेते आणि ताप वाटला म्हणून भारतातून नेलेली क्रोसिन किंवा डोलो वर घेते. तिचे यकृत मात्र दोन्हींतला पॅरासिटामॉल एकत्रच मोजते. सर्व औषधांतील मिळून दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि तिच्या जवळपासही जाण्याची गरज सहसा नसते. पायरिलामीनने गुंगी येते, त्यामुळे ते घेऊन गाडी चालवू नये. म्हणून डबीच्या पुढच्या बाजूवरचे गुलाबी चित्र पाहण्यापेक्षा मागच्या चौकटीतली क्रियाशील घटकांची यादी वाचावी. कोणता घटक कशासाठी आहे, हे प्रत्येकासमोर छापलेले असते.

बहिणीला ही गोळी पाठवू नये. पॅमाब्रोम आणि थिओफिलिन एकाच कुळातले असल्याचे वर सांगितलेच आहे. आपल्याकडे दम्यासाठी डेरिफायलिनसारख्या गोळ्या अजूनही वापरात आहेत आणि त्यांत थिओफिलिन असते. एकाच कुळातली दोन औषधे एका वेळी पोटात गेली तर छातीत धडधड, हात थरथरणे, मळमळ, झोप उडणे हे त्रास वाढू शकतात. ती केवळ पंप वापरत असेल तर हा धोका कमी आहे, पण तो निर्णय तिच्या डॉक्टरांनी घ्यावा, सातासमुद्रापलीकडून तुम्ही नव्हे. लिथियमसारखे मानसोपचाराचे औषध घेणाऱ्या स्त्रियांनीही लघवी वाढवणारी कोणतीही गोळी परस्पर घेऊ नये, कारण त्या औषधाचे रक्तातील प्रमाण अशा गोळ्यांनी बदलते.

गोळीच्या जोडीला, किंबहुना गोळीच्या आधी, मिठाकडे पाहावे असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पोटात जावे. ताटातली पापडाची चौकट, लोणच्याची फोड, सांडगी मिरची आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचा फरसाण यांनीच त्याचा मोठा हिस्सा संपतो. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि तोही सोडियमच. परदेशात लोणचे-पापड कमी होतात, पण त्यांची जागा तयार सूप, सॉस आणि गोठवलेले पराठे घेतात. सैंधव ‘चालते’ ही समजूत या बाबतीत उपयोगाची नाही, कारण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पाणी कमी प्यायल्याने मात्र सूज कमी होत नाही. उलट बद्धकोष्ठ वाढते. कॅल्शियम रोज एकूण १२०० मिलिग्रॅमपर्यंत मिळाल्याने पाळीपूर्व त्रासांत, पाणी साठण्यातही, काही स्त्रियांना फायदा होतो असे चाचण्यांत दिसले आहे, पण त्यासाठी दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. दूध, दही, नाचणी आणि तीळ यांतून त्यातला बराच भाग मिळवता येतो.

प्रश्न : माझे वय २७, राहणार सांगली जिल्हा. पाळीच्या आधी चेहरा आणि हात सुजल्यासारखे वाटतात. नणंदेच्या सासूबाईंना हृदयविकारासाठी फ्युरोसेमाइडची ४० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. नणंदेच्या सांगण्यावरून मी अर्धी गोळी घेऊ लागले. एका दिवसात वजन उतरले म्हणून पुढे घरच्या लग्नाच्या निमित्तानेही घेतली. आता गोळी बंद केली की दोन दिवसांत घोटे सुजतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पुन्हा गोळी घेतली की बरे वाटते. औषधवाला चिठ्ठी मागत नाही.

उत्तर : औषधवाल्याने चिठ्ठी मागायला हवी होती. फ्युरोसेमाइड हे आपल्याकडे ‘शेड्यूल एच’मधले, म्हणजे केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचे औषध आहे, आणि वरच्या पत्रातल्या गोळीशी त्याचे साम्य लघवी वाढवण्यापुरतेच आहे. ते मूत्रपिंडातील एका भागात मिठाचे पुनर्शोषण थेट रोखते. तासाभरात लघवीचा लोट सुरू होतो आणि सुमारे सहा तास टिकतो. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाचा जीव या औषधाने वाचतो. पाळीच्या आधी अंगठी घट्ट होते म्हणून ते घेणे अगदीच अवाजवी आहे.

तुमच्या बाबतीत काय घडले ते पाहा. गोळीने एकाएकी मीठ-पाणी काढून टाकल्यावर शरीर ते दुष्काळ समजले आणि त्याने मीठ राखण्याची यंत्रणा, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, पूर्ण जोमाने सुरू केली. गोळीचा अंमल असेपर्यंत ही यंत्रणा झाकलेली राहिली. गोळी थांबताच तिने आलेले प्रत्येक चिमूटभर मीठ साठवले आणि घोटे सुजले. ही सूज पाळीची नाही, गोळीने निर्माण केलेली आहे. तिच्यासाठी पुन्हा गोळी घेणे म्हणजे तीच फेरी नव्याने सुरू करणे होय. पोटऱ्यांतले गोळे बहुधा पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी झाल्याचे असावेत. पोटॅशियम फार घसरले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकते.

प्रथम एखाद्या फिजिशियनकडे जावे आणि गोळी किती दिवस, किती घेतली हे न लपवता सांगावे. रक्तातील सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासावे लागेल; धडधड किंवा चक्कर होत असेल तर त्याच दिवशी जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असते हे खरे, पण तपासणीला तो पर्याय नाही. त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद करावी लागेल आणि सुरुवातीचे काही दिवस सूज आधीपेक्षा वाढेल. हे आधीच माहीत असलेले बरे, कारण याच टप्प्यावर अनेक जणी घाबरून पुन्हा गोळीकडे वळतात. मीठ कमी ठेवले, दुपारी पाय उंचावर ठेवून अर्धा तास पडले, तर बहुतेकींची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते. नणंदेच्या सासूबाईंची गोळी मात्र त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच राहिली पाहिजे, आणि तिच्यातला वाटा दुसऱ्या कोणाला दिला जाऊ नये.

पाळीआधी त्रास एवढा होत असेल की औषध लागतेच, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे पर्याय आहेत. स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम न घालवणारे औषध पाळीआधीच्या दिवसांपुरते दिले जाते. ड्रोस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही काहींना लागू पडतात, कारण ते द्रव्य स्पायरोनोलॅक्टोनचेच रचनासदृश आहे. पहिल्या औषधाबरोबर गर्भधारणा टाळावी लागते, दुसऱ्याबरोबर रक्ताच्या गुठळीचा धोका तपासून पाहावा लागतो. धूम्रपान, अर्धशिशी किंवा घरात कोणाला गुठळीचा त्रास असल्यास ते आवर्जून सांगावे. पोटदुखीसाठी मेफेनॅमिक अॅसिड असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात; त्या दुखण्यावर चांगल्या आहेत, पण त्यांनीही अंगात थोडे मीठ-पाणी धरले जाऊ शकते, हे ‘सूज गोळी घेतल्यावरच वाढते’ असे कळवणाऱ्या इतर वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी कुस्ती खेळते. पाळीच्या आधी तिचे वजन वाढते आणि वजनगटात बसण्याची चिंता लागते. मामाने परदेशातून पॅमाब्रोमच्या गोळ्या आणल्या आहेत. दिल्या तर उत्तेजक चाचणीत अडकेल का?

उत्तर : जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत लघवी वाढवणारी औषधे स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, सदैव निषिद्ध आहेत, कारण त्यांनी वजन घटवता येते आणि इतर द्रव्ये लघवीत लपवता येतात. पॅमाब्रोमला मात्र त्यातून नावानिशी सूट दिलेली आहे. म्हणजे पॅमाब्रोम नियमात बसते. फ्युरोसेमाइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन बसत नाही. घरातल्या कोणाची ‘तशीच’ गोळी दिली, तर मुलीवर बंदी येऊ शकते.

नियमात बसते म्हणून द्यावीच, असे मी म्हणणार नाही. तिचा किलोभर फरक जर दर पाळीला येत असेल, तर ती मुळात गटाच्या मर्यादेला फार घासून राहते आहे, आणि त्यावर उपाय आहार आणि गट यांच्या फेरविचाराचा आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होते. पाणी काढून वजन जुळवलेली मुलगी त्यानंतर काही तासांतच आखाड्यात उतरते, तेव्हा तिच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नसते. पाळीच्या तारखा प्रशिक्षकांना सांगण्याचा संकोच घरातूनच मोडावा. पाळी अचानक लांबली किंवा तीन महिने आलीच नाही, तर ते वजनाच्या चिंतेपेक्षा गंभीर आहे. तेव्हा डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

प्रश्न : वय ४९, नाशिक. पाळी आता दोन-दोन महिन्यांनी येते. रोज संध्याकाळी दोन्ही पाय घोट्यापाशी सुजतात आणि पोट तर जवळजवळ रोजच फुगलेले असते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे होते. रक्तदाबासाठी गेल्या काही महिन्यांपासून अम्लोडिपिन चालू आहे. लेकीने अमेरिकेतून पाळीच्या सुजेची गोळी आणली आहे. घेऊ का?

उत्तर : घेऊ नये. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचा पाळीशी संबंध असण्याची शक्यता कमी आहे.

घोट्यांची सूज अम्लोडिपिनमुळे असू शकते. या औषधाने बारीक रोहिण्या रुंदावतात आणि पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते. शरीरात एकूण पाणी वाढलेले नसल्याने लघवीच्या गोळ्यांचा तिथे फारसा उपयोग होत नाही. तुमचे डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा टेल्मिसार्टनसारख्या औषधाची जोड देऊ शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. रक्तदाब उसळल्यास नुकसान सुजेपेक्षा मोठे होईल. त्याच भेटीत थायरॉइडची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी उरकून घ्यावी. सूज एकाच पायाला आली, पोटरी दुखू लागली किंवा दम लागू लागला, तर मात्र भेटीची वेळ ठरवत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पोटाबद्दल मला अधिक काळजी वाटते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार पोट सतत किंवा महिन्यातून १२ हून अधिक वेळा फुगत असेल, थोड्या खाण्याने पोट भरत असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा लघवीची घाई वाढली असेल, आणि विशेषतः वय पन्नाशीच्या घरात किंवा त्याहून अधिक असेल, तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यता तपासून पाहावी लागते. बहुसंख्य स्त्रियांमध्ये कारण साधेच निघते, परंतु या आजाराची सुरुवातीची लक्षणे अशीच किरकोळ वाटणारी असतात आणि ती ‘वयाचा परिणाम’ किंवा ‘गॅस’ म्हणून बाजूला टाकली जातात. येत्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट घ्या, तपासणीबरोबर ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी करून घेण्याविषयी विचारा, आणि जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, लेकीने आणलेल्या गोळीसह, बरोबर न्या.